देव आला नव्हता त्या सकाळची भाकणूक

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरबद्दल आमच्या घरी एकाच गोष्टीची चर्चा झाली. सासऱ्यांच्या अंगात वर्षातून एकदा देव येतो, ही ती गोष्ट. माझे वडील धाराशिवला कचेरीत कारकून होते. आई देवभोळी, तरी भीती तिलाच जास्त वाटली. वडील म्हणाले, तो एक दिवस सोडून उरलेलं वर्ष माणूस कसा वागतो ते मी विचारून आलोय, चांगला वागतो. एवढ्यावर मी या गावात आले.

गाव जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत आहे. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं चुलीपाशी कन्नड आणि ओसरीवर मराठी. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणू लागले. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. तुरीचं आणि ज्वारीचं रान, दोन म्हशी, आणि रोज सकाळी देवळाचा मंडप झाडायचा नेम. त्यांच्या वडिलांनीही तो मरेपर्यंत पाळला होता.

देऊळ महादेवाचं, गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी. काळ्या दगडाचं, चुना न लावता शिळेवर शिळा ठेवून बांधलेलं. पुढं सोळा खांबांचा मंडप, मधोमध नंदी. शेजारी बारव. चैत्रात तिथं तीन दिवस जत्रा भरते आणि तिसऱ्या दिवशी सूर्य वर येताना भाकणूक होते. येत्या वर्षी पाऊस कसा, पीक काय येईल, रोगराई कुठल्या दिशेनं येईल, हे देव माणसाच्या तोंडून सांगतो. ते तोंड आमच्या घराण्याचं. आप्पा तीन दिवस नुसत्या गूळपाण्यावर राहायचे, बारवेत अंघोळ करायचे, खांद्यावर काळी घोंगडी घेऊन मंडपाच्या पायरीवर उभे राहायचे. हलगी वाजायला लागायची. कधी लगेच, कधी बराच वेळानं त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जायच्या, डोळे उघडे असूनही कुणालाच बघत नसायचे, आणि ते बोलायचे. देव कन्नडात बोलतो. दोन-चार तुटक ओळी, त्याही कोड्यातल्या. शेजारी मठाचे म्हातारे स्वामी उभे असायचे, ते मराठीत अर्थ सांगायचे. 'थोरलं पाणी मागं राहिलं, धाकटं पुढं पळालं,' असं काहीतरी. म्हणजे आधीची नक्षत्रं कोरडी, उशिरा पाऊस. मग लोक पेरणीचं ठरवायला मोकळे.

मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहिली काही वर्षं मी हे सगळं लांबून, हाताची घडी घालून बघितलं. नंतर घडी सुटली. ते काय असतं ते मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं, की भाकणूक झाली की आप्पा गळून पडायचे, दोघांनी धरून घरी आणावं लागायचं, दुपारपर्यंत झोपायचे, आणि उठल्यावर मलाच विचारायचे, काय सांगितलं म्हणून. सोंग असतं तर एवढ्या वर्षांत ते कुठंतरी उसवलं असतं.

या मानाला एक भीतीही चिकटलेली होती. आप्पांच्या चुलत आजोबांनी म्हणे एका वर्षी देवाच्या बोलण्यात स्वतःचं भांडण घुसवलं. भावकीतल्या एकाचं नाव घेऊन त्याला गावाबाहेर काढा म्हणाले. वर्ष सरायच्या आत त्यांचं तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. सासूबाई हे सांगताना आवाज खाली करायच्या, आणि आप्पा घरात असले तर सांगायच्याच नाहीत.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. गावातली पोरं पुण्याला कामाला, त्यांनी मनावर घेतलं. समिती झाली. मंडप गळत होता म्हणून वर सिमेंटचा स्लॅब पडला, स्लॅबवर भलंथोरलं नवं शिखर उभं राहिलं, त्यावर चारी बाजूंनी मूर्ती. काळ्या खांबांना तेलरंग दिला, पिवळा आणि केशरी. फरशी बसवली. लोकांना फार आवडलं. हायवेवरून दिसतं, असं सांगायचे. त्याच सुमाराला शाळेच्या खोल्या पाडून नव्या बांधायचं मंजूर झालं, जुन्या पाडल्या गेल्या, नव्या जोत्यापर्यंत येऊन थांबल्या. मुलं बसवायची कुठं? समितीनं आपणहून मंडप देऊ केला. मला आनंदच झाला. गार फरशी, वारा, बारवेचं पाणी. पहिली-दुसरी डाव्या हाताला, तिसरी-चौथी उजव्या हाताला, मधे नंदी. महाशिवरात्रीच्या आधीची ही गोष्ट.

एका सकाळी मी लवकर पोचले तर आप्पा झाडून झालं तरी मंडपातच उभे होते. त्यांनी मला हाक मारली आणि बेलाच्या पानावर गोळा केलेली चिमूटभर पांढुरकी भुकटी दाखवली. तांदळाच्या पिठीसारखी. रोज सकाळी एकाच जागी पडतेय म्हणाले. मी म्हटलं, चुना असेल, वरच्या सिमेंटचा.

"चुना जिभंला लागतो," आप्पा म्हणाले. "ह्ये दगडाचं हाय."

जिथं ती पडत होती तिथं वर एक तुळई होती, दोन खांबांवर टेकलेली. जुन्या दगडावर कदाचित दिसलंही नसतं, पण तेलरंगाची साय एका रेघेत फाटली होती. केसाएवढी रेघ. तिच्या खाली तिसरीची पोरं बसत.

आप्पांनी त्या दिवशी मला भूकंपाचं सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांची थोरली बहीण लोहाऱ्याकडं दिली होती. बातमी कळल्यावर ते चालत, मिळेल त्या गाडीनं तिथं पोचले आणि दोन दिवस हातानं दगड उपसत होते. बहीण सापडली ती गेलेलीच. पण ते तिथंच थांबले, इतरांची माणसं काढायला. अर्ध्या उभ्या राहिलेल्या भिंती पुढं कितीतरी दिवस पडत होत्या. पडायच्या आधी त्यातून असंच पीठ सांडायचं. बाहेरून आलेले इंजिनिअर चिरेवर कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टी फाटली की भिंत चालते आहे असं समजायचं आणि तिथून माणसं उठवायची.

त्यांनी माझ्याकडून वहीचा कागद मागून घेतला, कणकेची खळ केली, शिडी लावून रेघेवर आडवी पट्टी चिकटवली. नवव्या दिवशी ती मधोमध फाटलेली होती.

आम्ही दोघं समितीच्या अध्यक्षांकडं गेलो. भला माणूस, आप्पांपेक्षा वयानं लहान, त्यांना कधी बसल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, दमट हवेनं कागद फाटला असेल, पाकोळ्यांनी फाडला असेल. भूकंपात घरंच्या घरं झोपली आणि या देवळाचा टवका उडाला नाही, ते आता रंग दिल्यावर पडेल का? आप्पा म्हणाले, तेव्हा वर एवढं वजन नव्हतं. त्यावर अध्यक्षांचा चेहरा उतरला. शिखर गावाच्या घामाचं होतं. तरी त्यांनी एका ओळखीच्या इंजिनिअरला आणलं. त्यानं खालून बघितलं, जुन्या दगडी कामाचं आपल्याला सांगता येणार नाही, त्यातला जाणकार आणा म्हणाला आणि गेला. मी हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी वर अर्ज केला, येऊन बघतो असा निरोप आला. तोवर मी तिसरीची पोरं सरकवून चौथीच्या अंगावर बसवली. जागाच तेवढी होती.

पुन्हा एकदा आप्पा अध्यक्षांकडं गेले, तेव्हा पारावर चार माणसं बसली होती. अध्यक्ष हसत म्हणाले, "आप्पा, तुमचं सोडा. देवालाच बोलू द्या की. चैत्र लांब हाय व्हय?"

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी मला एवढंच विचारलं, जत्रेत मंडपात किती माणूस बसतं. मी म्हटलं, तुम्हालाच ठाऊक, पालखी आत असते, कीर्तनाला पाय ठेवायला जागा नसते. त्यांनी मान हलवली.

जत्रा आली. पहिले दोन दिवस पार पडले. मी मंडपात बसले नाही, माझ्या मुलालाही बसू दिलं नाही. पण बाकीची अख्खी गर्दी त्या तुळईखाली मांडी घालून बसलेली मला दिसत होती, आणि वर बघायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आप्पा पायरीवर उभे राहिले. लोकांनी मोबाईल वर धरले होते. हलगी वाजू लागली. बराच वेळ काही झालं नाही. मग ते थरथरू लागले. मी बायकांत पुढंच होते. त्यांच्या टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. डोळे गर्दीवरून फिरले, शाळेतल्या पोरांवर थांबले, आणि माझ्यावर आले. एवढ्या वर्षांत त्या वेळी त्यांनी मला कधी ओळखलं नव्हतं. त्या दिवशी ओळखलं.

ते बोलले, ते मराठीत.

"ऐका. माझ्या मंडपाखाली यंदा कुणी सावली धरायची न्हाय. लेकरू बसवायचं न्हाय. पालखी भाईर घ्या. वरचं वझं उतरवा. तुमी न्हाय उतरवलं तर म्या उतरवीन."

हलगी थांबली. सगळे स्वामींकडं बघू लागले. देव मराठीत बोलल्यामुळं स्वामींना अर्थ सांगायला काही उरलंच नव्हतं. ते आप्पांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे बोलणार, की हा देव नव्हे. मग त्यांनी काठी आपटली आणि मोठ्यानं म्हणाले, देव आज मराठीत बोलला, म्हणजे लेकराबाळांना सुद्धा कळावं म्हणून बोलला. पालखी उचला.

पालखी बाहेर आली. बायका पोरांना ओढून बाहेर काढू लागल्या.

घरी मी गूळपाणी आणलं. दरवर्षीसारखे ते आडवे झाले नव्हते. पाणी प्यायले, गोठ्यात गेले, म्हशीची धार काढून आले. मग चुलीपाशी येऊन हळू म्हणाले, "आज देव आला न्हवता, पोरी."

मी म्हटलं, "कळलं मला, आप्पा."

"म्या बोललो. कुणाला सांगू नगं."

मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो सोलापूरला नोकरीला, आठवड्याला घरी येणारा. त्याला सांगितलं असतं तर त्यानं पोटात ठेवलं असतं, पण मग घरात त्या गोष्टीची भीती बाळगणारी तीन माणसं झाली असती. दोघांची भीतीच खूप होती.

कारण आप्पा वाट बघायला लागले. दाढी करताना ते आरशात आपलं तोंड निरखायचे. एकदा गाल इकडं, एकदा तिकडं. मग हळू आवाजात आपल्या रानांची नावं घ्यायचे: ओढ्याचं रान, माळाचं रान, बांधावरचं. वाचा शाबूत आहे का ते बघत होते. सासूबाईंना वाटायचं, म्हातारपणी पुटपुटायला लागलेत. मी भाकरी थापता थापता ते ऐकायची आणि प्रत्येक नाव नीट उच्चारलं गेलं की मला सुटल्यासारखं व्हायचं. बेचाळीस मुलांना मी शाळेत शिकवत होते, की नवसानं पाऊस पडत नाही. आणि घरी हे चाललं होतं.

शिखर उतरलं नाही. समितीनं ठरवलं, पावसाळा संपल्यावर जाणकार माणूस आणून विचारू. मंडपात जायचं बंद झालं, लोक दारातूनच हात जोडायचे. गुरव मागच्या बाजूनं आत जाऊन पूजा करायचा. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलं एका सोयाबीनच्या गोदामात, पत्र्याखाली बसली. उन्हाचा ताव चढला की पोरं पेंगायची, पाऊस आला की माझा आवाज पोचायचा नाही. आषाढात दुसरीतल्या एका मुलीला विंचू चावला. जळकोटला नेली, दोन दिवसांत बरी झाली, पण गावाचं मन फिरलं. चार महिने झाले, मंडपाला काही झालं नाही. देवानं सांगितलं ते पाळलं, आता लेकरांचे हाल किती करायचे? ग्रामपंचायतीत बैठक झाली. भिंतीच्या कडेनं बसवू, तुळईखाली नको, असं ठरलं. हेडमास्तर मला म्हणाले, बाई, माझाही नाइलाज आहे. सोमवारपासून मंडपात.

रविवारी नवरा घरी होता. तो म्हणाला, तू गावाच्या विरोधात जाऊ नको. मी त्या दिवशी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सांगणार काय होते? की ते देव बोललाच नव्हता, आप्पांनी रेघ बघितली म्हणून बोलले? मग रेघेवर कोण विश्वास ठेवणार होतं? आधीही कुणी ठेवला नव्हता.

सोमवारी मुलांची रांग घेऊन आम्ही देवळात गेलो तर आप्पा मंडपाच्या उंबऱ्यावर आडवे बसले होते. घोंगडी अंगावर, पाय लांब सोडलेले. भाकणूक सांगणाऱ्याला ओलांडून जायचं गावात कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. अध्यक्ष आले, समजावून सांगत राहिले. आप्पांनी पाय आखडले नाहीत. दुपार झाली. आम्ही मुलांना परत गोदामात नेलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी ऊन पडलं होतं. चार दिवसांची झड उघडली होती. मी चौथीला वजाबाकी शिकवत होते, हातचा घेऊन. साडेअकराच्या सुमाराला ओढ्याकडून आवाज आला, दगडांनी भरलेला ट्रॅक्टर एकदम ओतावा तसा, आणि तो पटकन थांबला नाही. पत्रे हादरले. मी मुलं मोजायला लागले. सगळी माझ्यासमोर बसलेली होती, तरी मी मोजली, आणि पुन्हा मोजली. आप्पांची आठवण त्यानंतर झाली. आप्पा उंबऱ्यावर होते.

मी धावत गेले. धुरळा अजून उठत होता. आप्पा बारवेच्या कठड्याशी उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. गुरव पूजा आटोपून निघाला आणि त्यानं आप्पांना पाणी द्यायला बाहेर बोलावलं होतं, म्हणून ते उठले होते. तुळई, छताच्या दोन शिळा आणि वरचं अर्धं शिखर खाली आलं होतं. नंदी मानेपर्यंत गाडला गेला होता. तिसरी-चौथीची जागा दिसतच नव्हती. भिंतीकडेची सुद्धा.

त्या संध्याकाळी अध्यक्ष आमच्या घरी आले आणि आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. आप्पांनी पाय मागं घेतले. "मला दिसलं हुतं, बाबा. तुलाबी दाखवलं हुतं." अध्यक्ष रडत म्हणाले, तुम्ही दाखवलंत, आम्हालाच डोळे नव्हते. आप्पांना जे म्हणायचं होतं ते त्यांना कळलंच नाही.

पुढचे महिने वाईट गेले. भाकणुकीचा तो व्हिडिओ कुठंकुठं फिरला. सोलापूरहून, आळंदहून गाड्या येऊ लागल्या. बोअर कुठं मारू, मुलगी या घरी देऊ का, आईचं ऑपरेशन करू का. आप्पा मागच्या दारानं रानात निघून जायचे, लोक बांधावर येऊन बसायचे. मला माहीत नाही, असं ते प्रत्येकाला सांगायचे. लोक त्यातूनही अर्थ काढायचे. एकदा स्वामी आले. चहा घेता घेता, आप्पा बाहेर गेल्यावर, मला म्हणाले, "मी तिथंच ओळखलं होतं, बाई. देव माझ्याशिवाय कधी बोलला नव्हता." मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत? ते कप खाली ठेवत म्हणाले, "ती भुकटी मीपण बघितली होती."

पुन्हा चैत्र आला. मंडपाला लोखंडी टेकू लागले होते, भाकणूक बाहेर पटांगणात होती. एवढी गर्दी गावानं कधी बघितली नव्हती. आप्पांनी तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. मला माहीत होतं, त्यांना देव यायला हवा होता. आला असता तर त्यांना माफी मिळाली असं त्यांनी धरलं असतं. हलगी वाजत राहिली. सूर्य वर आला, सावल्या आखूड झाल्या. हलगीवाले दमून बदलले. आप्पा उभेच. टाचा जमिनीवर. शेवटी हलगी आपोआप बंद पडली आणि त्या शांततेत मागं कुठंतरी एक बाई रडायला लागली.

आप्पांनी घोंगडी काढली, घडी घातली, पायाशी ठेवली. "देव आला न्हाय," ते म्हणाले. "गेल्या सालीबी आला न्हवता. तवा म्या बोललो. चीर बघितली हुती म्हणून बोललो. मला माफ करा."

सगळं पटांगण ऐकत होतं. माईक होता, मागच्यालाही ऐकू गेलं. क्षणभर मला वाटलं, संपलं. मग कुणीतरी म्हणालं, देव रुसला. दुसरा म्हणाला, देव त्यांच्या तोंडून परीक्षा बघतोय. बायका पुढं येऊन आप्पांच्या पायाची माती कपाळाला लावू लागल्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना गर्दीतून बाहेर काढलं. वाटेत ते मला विचारत होते, "ऐकलं न्हाय का कुणी?"

"ऐकलं, आप्पा."

"मग?"

मी त्यांना घरी आणलं, गूळपाणी दिलं.

ज्या वर्षी देव बोलला नाही त्या वर्षी काय होणार, हा प्रश्न गावात घरोघर शिरला. भूकंप बघितलेली म्हातारी माणसं छताखाली झोपेनात. वैशाखात सगळ्या बाजा अंगणात आल्या. तीन लग्नं पुढं ढकलली गेली. दोन कुटुंबं लेकरांना घेऊन पुण्याला गेली. आणि ज्येष्ठात एका दुपारी जमिनीतून आवाज झाला. आमच्या भागात असे आवाज मधूनच होतात, खाली कुणीतरी जड दार लावल्यासारखे. त्या दिवशी फळीवरची भांडी वाजली. पाच मिनिटांत अर्धं गाव आमच्या दारात उभं होतं. आप्पा बाहेर आले, सगळ्यांकडं बघितलं, आत गेले, आणि माझी जुनी वही आणि खळीचं भांडं घेऊन बाहेर पडले.

त्या उन्हाळ्यात ते घराघरात गेले. दगडी भिंतींच्या चिरांवर पट्ट्या चिकटवल्या, आठवड्यानं जाऊन बघून आले. बऱ्याच ठिकाणी लोकांनी त्या पट्ट्यांना हळदकुंकू लावलं होतं. पहिल्यांदा ते चिडले, नंतर म्हणाले, लावू दे, फाटली तर सांगायला तरी येतील. चार घरांत पट्ट्या फाटल्या. एका घराची मागली भिंत पाडून घेतली, एक म्हातारी लेकीकडं राहायला गेली. बाकीचं काही पडलं नाही. पाऊस बेताचा झाला. त्यांच्या तोंडाला, वाचेला काही झालं नाही. त्यांनी आरशात बघणं कधी थांबवलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

भाकणुकीचा मान आता त्यांच्या पुतण्याकडं आहे. तो पायरीवर चांगला बोलतो, लांब बोलतो. आप्पा जत्रेला जातात, दर्शन घेतात आणि भाकणुकीच्या आधी घरी येतात. कुणी विचारलं तर कानानं कमी ऐकू येतं म्हणतात. माझ्याशी बोलताना येतं.

शाळा नव्या खोल्यांत गेली त्याला दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात परिपाठ संपला आणि जमिनीतून तो आवाज झाला, एकदाच. खिडकीची काच किंचित वाजली. मुलांनी माझ्याकडं बघितलं. मी खडू ठेवला आणि एका रांगेत बाहेर चला म्हटलं. आम्ही मैदानात उभे राहिलो. पहिलीतल्या एकीनं माझा पदर धरला होता. बराच वेळ काही झालं नाही, तेव्हा मी आधी एकटी आत गेले, चारही भिंतींवरून नजर फिरवली, आणि मग मुलांना हाक मारली.